फिरती बशी आणि सुशीचा भाव

पंगतीला बसलेल्या माणसाच्या मनांत दोनच प्रश्न असतात: काय वाढणार, आणि केव्हां वाढणार. पैसे मोजून जेवणाऱ्याच्या मनांत मात्र एक तिसरा प्रश्न असतो, आणि तो पहिल्या दोहोंहून अधिक बोचतो. उठतांना किती पडणार? आज ज्या जपानी उपाहारगृहाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्याचा सारा इतिहास ह्या तिसऱ्या प्रश्नाभोंवतीं फिरला आहे. 'फिरला आहे' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाहीं. तेथें जेवणच मुळीं फिरत असतें.

जपानी समुद्राच्या कांठीं कानाझावा नांवाचें एक जुनें, संपन्न शहर आहे. तेथील वरच्या दर्जाच्या एखाद्या फिरत्या सुशीगृहांत आपण दुपारच्या वेळीं शिरलों आहों अशी क्षणभर कल्पना करा. दाराशीं क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थोडा वेळ तिष्ठावें लागतें. आंत गेल्यावर एक लांबट, वळणदार ओटा दिसतो. ओट्याच्या बाहेरच्या अंगाला गिऱ्हाइकें बसलेलीं, आंतल्या अंगाला पांढरे अंगरखे घातलेले कारागीर उभे, आणि दोहोंच्या मध्यें संथपणें सरकणारा एक पट्टा. पट्ट्यावर बश्या. प्रत्येक बशींत बहुधा दोन मुदी. शिर्का घातलेल्या भाताची बोटाएवढी मूद, तिच्यावर कच्च्या माशाची एक पातळ कापटी, आणि मध्यें वासाबी नांवाच्या झणझणीत कंदाचा एक ठिपका. हीच सुशी. प्रत्येक आसनापुढें गरम पाण्याची तोटी असते, हिरव्या चहाची भुकटी असते, आल्याच्या मुरवलेल्या चकत्या असतात. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीं बंदरांत आलेल्या माशांचीं नांवें खडूनें लिहिलेलीं असतात. थंडीचे दिवस असतील तर चरबीनें भरलेला बुरी मासा असतो, गोड चवीची लहान कोळंबी असते, आणि 'नोदोगुरो', म्हणजे 'काळ्या गळ्याचा' म्हणून ओळखला जाणारा मासा, त्याच्या कातडीवर ज्योतीचा नुसता झपका देऊन पुढें ठेवतात. पट्ट्यावरचें नको असेल तर कारागिराला हांक मारावी. तो मान हलवून मूद वळतो आणि बशी आपल्या हातानें पुढें करतो.

येथवर ही कोणत्याही उंची उपाहारगृहाची गोष्ट झाली. पण बश्यांकडे नीट पाहिलें तर त्या निरनिराळ्या रंगांच्या व नक्षीच्या दिसतात, आणि कोणत्या रंगाची बशी किती येनची, याचा तक्ता समोर टांगलेला असतो. साध्या बशीला थोडे पैसे, सोनेरी नक्षीच्या बशीला पुष्कळ. खाऊन झालें कीं रिकाम्या बश्या एकीवर एक रचून ठेवायच्या. शेवटीं एक मुलगी येते, उतरंड रंगांप्रमाणें मोजते आणि आंकडा सांगते. तो आंकडा खाणाऱ्यानें मनाशीं केव्हांच मोजलेला असतो. इतक्या ऐटीच्या जागीं भाव असा उघड्यावर मांडण्याची ही रीत आली कोठून? तिचें मूळ ऐटींत नाहीं. तें ओसाकाच्या मजूरवस्तींत आहे. पण तेथें पोंचण्यापूर्वीं सुशीनें स्वतः जे चढउतार पाहिले ते थोडक्यांत सांगितले पाहिजेत.

आरंभीं सुशी हा ताजा पदार्थ नव्हताच. मासा मीठ लावून शिजलेल्या भातांत महिनोन्महिने दाबून ठेवायचा, भात आंबला कीं त्या आंबटपणानें मासा टिकायचा, आणि मग भात टाकून देऊन मासा खायचा, अशी ती युक्ति होती. क्योतोजवळच्या बिवा सरोवराच्या कांठीं फुनाझुशी नांवानें हा प्रकार अजून करतात. पुढें भात टाकून देण्याऐवजीं खाऊं लागले, आणि आणखी पुढें आंबण्याची वाट पाहण्याचें सोडून सरळ शिर्काच घालूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत एदो शहरीं, म्हणजे ज्याला आतां आपण तोक्यो म्हणतों तेथें, हातानें वळलेल्या मुदीवर मासा ठेवून लगेच देण्याची पद्धत रूढ झाली. तिचें श्रेय हानाया योहेइ (१७९९–१८५८) या विक्रेत्याला देण्याचा प्रघात आहे. ही सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळे. घाईंत असलेला माणूस उभ्याउभ्या दोनचार मुदी तोंडांत टाकी आणि चालूं लागे. त्या मुदी आजच्याहून बऱ्याच मोठ्या असत.

पण चांगल्या पदार्थाला श्रीमंतांची दृष्टि लागावयास वेळ लागत नाहीं. योहेइच्याच हयातींत सुशी इतकी महाग आणि नखरेल होऊन बसली कीं, १८४१ सालीं सुरूं झालेल्या काटकसरीच्या कडक निर्बंधांखालीं चैनीची सुशी विकणाऱ्यांना शिक्षा झाल्या, आणि त्यांत खुद्द योहेइही सांपडला. म्हणजे सुशीचा भाव हा सरकारदरबारीं जाण्याजोगा प्रश्न तेव्हांच झाला होता.

विसाव्या शतकांत दोन आपत्तींनीं ह्या एदोच्या पदार्थाला सर्व देशाचा पदार्थ केलें. १९२३ च्या सप्टेंबरांत झालेल्या महाभूकंपानें तोक्यो उद्ध्वस्त झालें आणि तेथील कित्येक कारागीर आपापल्या गांवीं परतले. ते आपल्याबरोबर आपली कलाही घेऊन गेले. दुसरी आपत्ति महायुद्धानंतरच्या दुष्काळाची. १९४७ च्या जुलैंत अन्न वांचविण्यासाठीं उपाहारगृहांवर निर्बंध आले. तेव्हां तोक्योच्या सुशीवाल्यांनीं एक तोड काढून ती मान्य करून घेतली: गिऱ्हाइकानें एक 'गो', म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम तांदूळ घरून आणावा, वळणावळ द्यावी, आणि दहा मुदी घेऊन जावें. जेवण विकणें बंद झालें होतें खरें. पण दुसऱ्याच्या तांदळाची मूद वळून देणें हें जेवण विकणें नव्हे, असा तो युक्तिवाद. इतर प्रांतांनींही हीच तोड उचलली आणि एदोपद्धतीची मूद घरोघर ओळखीची झाली. त्या टंचाईच्या दिवसांत हिशेब मात्र लख्ख होता. तांदूळ तुमचा, मजुरी आमची.

सुबत्ता आली तसा हा हिशेब मावळला. आरोग्याच्या नियमांमुळें रस्त्यावरच्या गाड्यांवर कच्चा मासा विकणें बंद पडलें आणि सुशी दुकानाच्या आंत गेली. देवदारासारख्या सुवासिक लांकडाचा ओटा, त्यामागें वर्षानुवर्षें उमेदवारी करून तयार झालेला कारागीर, आणि भिंतीवर माशांच्या नांवांच्या लांकडी पाट्या. बऱ्याच ठिकाणीं ह्या पाट्यांवर किंमत नसे. तिच्या जागीं असे तो 'जिका' हा शब्द. म्हणजे 'बाजारांत जो भाव असेल तो'. माशाचा भाव रोज बदलतो, तेव्हां हें म्हणणें खोटें नव्हतें. पण खिशांत बेतानें पैसे असलेल्या माणसाला तो शब्द दाराबाहेरच थोपवून धरीत असे. भाव विचारावा तर अब्रू जाते, न विचारावा तर पैसे जातात. अशा जागीं बायकामुलांना घेऊन कोण जाणार?

आतां आपण ओसाकाला येऊं. शहराच्या पूर्वेस फुसे म्हणून एक भाग होता. त्याचा समावेश पुढें १९६७ सालीं हिगाशी-ओसाका शहरांत झाला. लहान लहान कारखान्यांनीं हा मुलूख गजबजलेला. तेथें योशिआकी शिराइशी नांवाचे गृहस्थ युद्धानंतर एक लहानसें सुशीचें दुकान चालवीत असत. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कारखान्यांतले मजूर. स्वस्त दिलें तर गर्दी होई. गर्दी झाली कीं माणसें कमी पडत. माणसें वाढवावीं तर स्वस्त देणें परवडेना. खानावळ चालविणाऱ्या प्रत्येकाला हें त्रांगडें ठाऊक असतें. शिराइशी एकदां आसाही मद्यनिर्मितीचा कारखाना पाहावयास गेले. तेथें बिअरच्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून ओळीनें चालल्या होत्या. बाटली जर स्वतः चालत माणसापाशीं येते, तर सुशी कां नाहीं येणार, असें त्यांच्या मनानें घेतलें.

कल्पना सुचली एका दिवसांत. ती अमलांत आणावयास सुमारें पांच वर्षें गेलीं. बाटल्यांचा पट्टा सरळ धांवतो. उपाहारगृहांत तो वळवून पुन्हां मूळ जागीं आणावा लागतो, आणि वळणावर बश्या एकमेकींवर आदळतात किंवा खालीं जातात. हल्लींच्या पट्ट्यांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींना लागून अशा बसविलेल्या असतात कीं वळणावर त्या पंख्याप्रमाणें उलगडतात आणि मध्यें फट पडत नाहीं. दुसरा प्रश्न वेगाचा. फार संथ ठेवावा तर भुकेलेला माणूस चडफडतो. फार जलद ठेवावा तर मासा सुकतो, आणि म्हातारें माणूस हात पुढें करीपर्यंत बशी निघून जाते. शिराइशी यांनीं शेवटीं सेकंदाला ८ सेंटिमीटर हा वेग ठरविला. साधें गणित करून पाहा. माणसाच्या आवाक्यांतलें अंतर एक मीटर धरलें, तर त्याच्यापुढून जावयास बशीला साडेबारा सेकंद लागतात. बशी पाहावी, मनाशीं विचार करावा, खिसा आठवावा आणि हात पुढें करावा, एवढ्याला साडेबारा सेकंद पुरतात. बहुतेक ठिकाणीं पट्टा घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरतो, म्हणजे बशी उजवीकडून येऊन डावीकडे जाते. उजव्या हातांत जेवणाच्या काड्या असतात, तेव्हां डाव्या हातानें ती सहज उचलतां येते.

१९५८ सालीं फुसे येथें ह्या पट्ट्याचें पहिलें दुकान उघडलें. नांव 'मावारु गेन्रोकु-झुशी'. 'मावारु' म्हणजे फिरणारी. वाढप्यांची गरज जवळजवळ राहिली नाहीं आणि थोड्या हातांत पुष्कळ गिऱ्हाइकें उरकूं लागलीं. पण माझ्या मतें ह्या शोधाचें खरें मर्म वाढप्याचा पगार वांचण्यांत नव्हतें. पट्ट्यावर ठेवलेल्या बशीची किंमत अगोदर ठरलेली असल्याशिवाय ही पद्धत चालूंच शकत नाहीं. बशी कोण उचलील हें कारागिराला ठाऊक नसतें. म्हणून माणूस पाहून भाव सांगण्याची सोयच तेथें उरली नाहीं. 'जिका' हा शब्द यंत्रानें पुसून टाकला. मजुरानें, शाळेंतल्या मुलानें, पहिल्यांदाच सुशी खावयास आलेल्या खेडुतानें कोणालाही कांहीं न विचारतां, कोणासमोरही न लाजतां, आपल्या ऐपतीइतकें खावें आणि उठावें, हें स्वातंत्र्य त्या सरकत्या बशीनें दिलें.

सर्व देशाला ह्याची ओळख झाली ती १९७० च्या जागतिक प्रदर्शनांत. ओसाकाजवळ सुइता येथें भरलेलें हें प्रदर्शन सहा महिन्यांत ६ कोटी ४२ लाखांहून अधिक लोकांनीं पाहिलें, आणि तेथें शिराइशी यांची फिरती सुशीही होती. त्यानंतर दुकानांचा विस्तार झपाट्यानें झाला. भरभराटीच्या काळांत ह्या एका नांवाचीं सुमारें २४० दुकानें होतीं. पट्ट्यावरचा त्यांचा हक्क १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संपला आणि प्रतिस्पर्धी मैदानांत उतरले. बशी आणून देणारे यंत्रमानव ठेवण्याचाही प्रयोग शिराइशी यांनीं पुढें करून पाहिला. तो मात्र साधला नाहीं. २००१ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, ते वारले.

आरंभीं ज्या कानाझावा शहरांत आपण जेवावयास बसलों, त्याचा संबंध येथें येतो. असे पट्टे बनविण्याचा उद्योग प्रामुख्यानें त्याच शहरांत वाढला, आणि पट्ट्याला जोडलेली चहाची तोटीही १९७० नंतरच्या दशकांत तेथेंच तयार झाली. १९८१ सालीं तर मूद वळणारें यंत्रच निघालें. त्याची जन्मकथा मौजेची आहे. भाताचें उत्पन्न फार होऊं लागल्यामुळें १९७० पासून सरकार शेतकऱ्यांना लागवड कमी करण्याबद्दल पैसे देऊं लागलें. मिठाईचीं यंत्रें करणाऱ्या एका कारखानदाराला हें पाहवेना. सुशी स्वस्त झाली तर लोक भात अधिक खातील, अशा विचारानें त्यानें तें यंत्र तयार केलें.

यंत्रानें मूद वळली, पट्ट्यानें ती पोंचवली, आणि कारागीर पडद्याआड गेला. पुढच्या दोन दशकांत कोणतीही बशी शंभर येनला देणाऱ्या प्रचंड साखळ्या उभ्या राहिल्या. पट्ट्याला लागून चौघांसहाजणांचीं बाकें आलीं, आणि रविवारीं मुलांना सुशीला नेणें ही मध्यमवर्गाची रीत झाली. स्वस्ताई थोर खरी. पण तिचीही किंमत होती. पट्ट्यावर फेऱ्या घालून माशाच्या कडा सुकत. न उचललेल्या बश्या फेंकून द्याव्या लागत. त्या किती वेळ फिरल्या याचा हिशेब ठेवण्यासाठीं बशीच्या बुडाशीं विद्युत्खुणा बसवाव्या लागल्या. आणि सर्वांत मोठी हानि अशी कीं, 'आज काय चांगलें आहे?' हा प्रश्न ज्याला विचारावा असा माणूसच समोर उरला नाहीं. जुन्या ओट्यावर कारागीर दिसे, पण भाव दिसत नसे. नव्या पट्ट्यावर भाव दिसे, पण कारागीर दिसत नसे.

ही उणीव ज्यांनीं ओळखली, तेच वरच्या दर्जाच्या फिरत्या सुशीगृहांचे जनक होत. १९९० नंतरच्या काळांत होक्काइदो बेटावरील आणि कानाझावाच्या परिसरांतील दुकानदारांनीं ही वाट पाडली. त्यांच्या हाताशीं उत्तम मासा होता, बंदरें जवळ होतीं. त्यांनीं पट्टा ठेवला, रंगीत बश्या ठेवल्या, पण कारागिराला पुन्हां ओट्याच्या मध्यभागीं आणून उभें केलें. पट्ट्यावर थोड्याच बश्या सोडायच्या. बाकीची सुशी मागणीबरहुकूम ताजी वळायची. भाव चढला. एखादी बशी तर मोठ्या साखळीच्या पांचसहा बश्यांइतकी महाग. तरी लोक आले. २०१३ सालीं तोक्यो स्थानकासमोर, जुन्या मध्यवर्ती टपालकचेरीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींत होक्काइदोच्या अशाच एका सुशीगृहानें दुकान थाटलें, आणि देशांतल्या महागड्या व्यापारी पेठेंतही त्याच्या दाराशीं रांगा लागूं लागल्या. परदेशीं तर ह्या पट्ट्याचें स्वागत पहिल्यापासूनच नवलाईची वस्तु म्हणून झालें. लंडनमध्यें १९९४ सालीं लिव्हरपूल स्ट्रीट रेल्वेस्थानकांत, आणि १९९७ सालीं सोहो भागांत फिरती सुशी आली, ती मजुरांसाठीं खास नव्हती.

मजुरांसाठीं निघालेली वस्तु श्रीमंतांनीं पळविली, असें कोणी म्हणेल. सुशीच्या इतिहासांत असें पूर्वींही घडलें, हें योहेइच्या उदाहरणावरून आपण पाहिलेंच. तथापि ह्या वेळीं एक भेद आहे. महाग झाली तरी ह्या सुशीनें आपली किंमत लपविली नाहीं. नोदोगुरोची बशी महाग आहे, पण ती किती महाग आहे हें उचलण्यापूर्वीं कळतें. एखाद्या कारकुनानें वाढदिवसाच्या दिवशीं कुटुंबाला घेऊन जावें, चार साध्या बश्यांबरोबर एक सोनेरी बशी घ्यावी, ती सर्वांनीं वांटून खावी आणि घरीं यावें, हें 'जिका'च्या ओट्यावर अशक्य होतें; येथें शक्य आहे. चैन परवडणें आणि चैनीची भीति न वाटणें, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि माझ्या अनुभवाप्रमाणें दुसरीच अधिक दुर्मिळ असते.

गेल्या कांहीं वर्षांत मात्र ह्या पट्ट्यावर दोन आघात झाले. मासा महागला, येन घसरला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरांत सर्वांत मोठ्या साखळीनेंही शंभर येनची बशी बंद केली. दुसरा आघात अधिक खोल होता. २०२३ च्या जानेवारींत एका तरुणानें अशाच एका दुकानांत शोयूच्या, म्हणजे सोयाबीनच्या खारट रसाच्या बाटलीला जीभ लावली, फिरत्या सुशीला थुंकीचें बोट लावलें, आणि त्याचें चित्रण देशभर पसरलें. तेव्हां लोकांच्या ध्यानांत आलें कीं ही सारी व्यवस्था एका न लिहिलेल्या करारावर उभी होती. तुमच्यापुढून गेलेली बशी माझ्यापुढें येते, आणि तुम्ही तिला हात लावला नसेल हें मी गृहीत धरतों. दुकानदारानें भाव उघडा ठेवून गिऱ्हाइकावर विश्वास टाकला होता. गिऱ्हाइकांनींही परस्परांवर तो टाकावयाचा होता. त्या घटनेनंतर पुष्कळ ठिकाणीं पट्ट्यावर सुशी मोकळी फिरविणें थांबविण्यांत आलें. मागवाल तीच बशी सरळ तुमच्यापुढें येऊन थांबते. शिराइशी यांनीं पांच वर्षें खपून जें वळण साधलें, तें त्या दुकानांत आतां उपयोगाचें राहिलेलें नाहीं.

म्हणून त्यांचा शोध वायां गेला, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कानाझावाच्या त्या दुकानांत आपण पुन्हां एकदां डोकावूं. जेवण आटोपलें आहे. पट्टा फिरत असेल किंवा नसेल. कारागीर आंत हात पुसतो आहे. ओट्यावर बश्यांची उतरंड रचलेली आहे: तीन पांढऱ्या, दोन निळ्या, एक सोनेरी. शेजारचें लहान मूल आपल्या आईच्या बश्या बोटांनीं मोजतें आहे आणि त्याचा हिशेब बरोबर येतो आहे. तेवढा हिशेब कोणालाही करतां यावा, ह्यासाठींच फुसेच्या त्या दुकानदारानें सुशीला चालावयास लाविलें होतें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.